मेल्विनच्या कादंबरीतला खुनी

वेंगुर्ल्याच्या लुईझाबाईंना रहस्यकथांचं भारी वेड. पण मुलगी सॅन्ड्रा गेली तेव्हापासून त्यांनी एकही हातात धरली नव्हती. रेडीच्या किनाऱ्यावर सॅन्ड्राचा खून झाला आणि खुनी कधी सापडलाच नाही. परवा मुंबईहून मुलाची, मेल्विनची, नवी कादंबरी आली. पोटच्या पोराचं पुस्तक म्हणून त्या वाचायला बसल्या. त्यातली मुलगी सॅन्ड्रासारखीच खळखळून हसायची, तिच्यासारखीच समुद्रावर मारली गेली. आणि शेवटी तिच्या खुन्याला बेड्या पडल्या. लुईझाबाईंनी लगेच फोन लावला.

"मेल्विन, तो माणूस तुका खंय सापडलो रे?"

"कोण गो ममा?"

"आमच्या सॅन्ड्राक मारल्यान तो! माका कित्याक सांगलंस नाय?"

"ममा, तो खरो नाय. मीच रचलंय त्याका. निदान पुस्तकात तरी तो सापडाक होयो होतो."

पोराचा आवाज फाटला होता. लुईझाबाई स्वतःला सावरून म्हणाल्या, "बरां लिवलंस हां."

फोन ठेवल्यावर मात्र त्या हमसून हमसून रडल्या, सॅन्ड्राला पुरलं त्या दिवशी रडल्या होत्या तशा.