टँकरमधली गप्प डबी

मित्रांनो, लातूरकडच्या मुरुडच्या एका गोदामात, निकामी बॅटऱ्यांच्या ढिगात पडलेली मी एक जुनी जीपीएसची डबी आहे. दुष्काळात पाण्याच्या टँकरवर लक्ष ठेवण्यासाठी मला घडवले. चार उपग्रहांची हाक ऐकू आली, की मी कुठे आहे ते मला कळे आणि मी कचेरीला कळवी. ती हाक फार दुरून येते, कुजबुजीहूनही क्षीण. माझे आयुष्य कान देऊन ऐकण्यातच गेले.

माझे चालक शेषेराव. लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हापासून ते टँकर चालवत. "ही डबी खोटं बोलत न्हाई, अन् म्या बी न्हाई," असे ते अभिमानाने सांगत.

एका उन्हाळ्यात त्यांच्याच गावाबाहेरच्या माळावर सैन्याचा सराव सुरू झाला. त्या दिवसापासून वाटेत एक प्रचंड गोंगाट माझ्या कानांवर कोसळे. उपग्रहांची हाक त्यात बुडे आणि मी गप्प होई. टँकर मात्र गावात पोहोचे, घागरी भरत.

एकदा कचेरीतले साहेब टँकरपाशीच आले. डबी गप्प, म्हणजे चालकाने वायर काढून पाणी वाटेत विकले, असे त्यांना वाटले. गावच्या साखराबाई पुढे झाल्या.

"साहेब, पाणी आलतं. आम्ही पेलो की!"

"मग पुरावा कुठाय?"

"पोटात हाय. दावू का?"

सगळे हसले, साहेबही हसले. पण जाताना शेषेरावांना म्हणाले, "शनिवारपर्यंत खरं कारण सांगा, नाहीतर किल्ली द्या."

संध्याकाळी साखराबाईंचा लेक लिंबाजी टँकरमध्ये येऊन बसला. सराव करणाऱ्या तुकडीतच तो हवालदार होता.

"मामा, वायरीचं न्हाई, हे आमचं काम हाय. लढाईच्या आराखड्यात पहिलं उपग्रहाची हाक बुडवून शत्रूचं आभाळ आंधळं करतेत. त्याला वाट दिसू न्हाई, तोफेला नेम लागू न्हाई. मग आपले रणगाडे हलतेत. तेच शिकायलोत. पर आभाळाला बांध न्हाई, मामा; तुमची डबी बी त्यातच गप्प झाली."

"मग साहेबाला एवढं सांग की."

लिंबाजीने मान खाली घातली. "वर इच्चारलं. तोंड उघडायचं न्हाई म्हनले."

शेषेराव बराच वेळ काचेवरची धूळ पुसत राहिले. "ऱ्हाऊ दे. तुझी वर्दी जाईल. माय एकटी हाय तुझी."

शनिवारी किल्ली देण्याआधी त्यांनी मलाही रुमालाने पुसले.

पुढच्याच आठवड्यात सराव संपला. नव्या चालकाजवळ मी पुन्हा स्पष्ट बोलू लागले आणि तिथेच घात झाला. "चालक बदलला, डबी सुधारली," लोक म्हणाले. शेषेरावांनी आणलेले पाणी जे प्यायले होते, तेही म्हणाले. त्याच टँकरपुढे शेषेराव घागर घेऊन उभे राहत, रांगेत सर्वांत शेवटी. माझ्याकडे मात्र त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी लढाईचे आराखडे आखील. आभाळ आंधळे करण्याआधी त्याच्याखाली कुणाच्या घागरी मांडल्या आहेत, ते बघा. आणि माझ्यासारखे यंत्र गप्प झाले, तर शेजारी बसलेल्या माणसाला विचारा. शेषेरावांकडे कारण मागितले; पाणी पोहोचले का, हे त्यांना कुणी विचारलेच नाही. मला विचारले असते, तर मीही एवढेच सांगितले असते, की मला काही ऐकू येत नव्हते; पण टँकर भरलेला होता.