पलंगमाय

आ-तेकचे निळे बूट सव्वादोन वर्षं त्याच्या पायाला बरोबर बसत होते, आणि मी मूर्ख बाई चीजिन बेटाच्या बाजारातल्या दुकानदाराला येताजाता सांगत होते की काय टिकाऊ माल दिलास बाबा. बूट न फाटणं वेगळं आणि पाय न वाढणं वेगळं, हे आईला कळायला नको? पण मी दिवसभर दुसऱ्यांचे मासे साफ करायचे, हिवाळ्यात बोय माशाची गाबोळी, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, मिठात घालून फळ्यांखाली दाबायचे, मग उन्हात उलटीपालटी करत बसायचे. पोर जेवत होतं, हसत होतं, कधी शिंकलंसुद्धा नाही. एवढं पुरे वाटायचं मला.

बालवाडीत घातल्यावर लिम बाईंनी सगळ्या मुलांची उंची मोजली आणि संध्याकाळी मला थांबवून घेतलं.

"आ-तेकची आई, हा साडेचार वर्षांचा आहे ना? नक्की?"

"माझ्याच पोटातून आलाय बाई. मला नाही माहीत तर कोणाला?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी आरोग्याच्या वहीतला आलेख माझ्यापुढे धरला. सव्वादोन वर्षांपर्यंत रेघ नीट वर चढत गेली होती. तिथे सत्त्याऐंशी सेंटिमीटर लिहिलं होतं. आजही सत्त्याऐंशी.

"बोलतोही दोनच शब्दांत," बाई म्हणाल्या. "चित्र काढ म्हटलं की नुसत्या रेघोट्या. आणि दुपारी झोपवलं की..." त्यांनी वही मिटली. "गादीच्या कडेला सरकून झोपतो. मी मधे ओढते, तर म्हणतो, जागा दे. कोणाला, विचारलं तर सांगत नाही."

घरीही तो तसाच झोपायचा. पलंगाच्या मधोमध जागा सोडून, भिंतीला चिकटून. झोपेत हसायचा, कोणाला तरी हं, हं म्हणायचा. पोर झोपेत हसलं की पलंगमाय, पोरांना राखणारी पलंगातली देवी, त्याला शिकवतेय म्हणतात आमच्याकडे, त्यात नवल नाही. नवल एवढंच की गादीला मधे खळगा पडला होता, आणि आ-तेक कधी तिथे झोपलाच नव्हता.

त्या रात्री नखं कापायला म्हणून त्याचे हात हातात घेतले. कापण्यासारखं काही नव्हतं. शेवटची कधी कापली होती ते मला आठवेना.

मोठ्या दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होता, फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. "रक्त ठीक, थायरॉईड ठीक," तो म्हणाला. "हाडं मात्र सव्वादोन वर्षांच्या मुलाची आहेत. सहा महिन्यांनी परत आणा." माझ्या नजरेला नजर न देता त्याने फोटो पाकिटात घातला.

सव्वादोन हा आकडा ऐकून सासूबाईंनी हातातला भाजीचा चाकू खाली ठेवला.

"त्या साली पलंगमायेची पूजा कोणी केली होती?"

मला उत्तर माहीत होतं. दवाखान्यातून येताना फेरीबोटीत मी तेच मनात घोळवत बसले होते.

"ह्यांनी," मी म्हटलं.

सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी पलंगमायेला तेलाचा भात आणि दारूत शिजवलेली कोंबडी पलंगावरच मांडतात. पोर सोळा वर्षांचं होईपर्यंत तिच्या ताब्यात. तिची पूजा झटपट उरकायची असते. उदबत्ती तिसरा हिस्सा जळली की कागदाचे कपडे जाळून तिला वाटेला लावायचं. दारूचे पेले भरायचे नाहीत. लांबवलं तर माय रेंगाळते, लाडावते, पोराला सोडत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. पण माझा नवरा बुन-हो मासेमारीच्या जहाजावरचा माणूस, त्याला फक्त समुद्राच्या देवीची पूजा यायची. त्याने तीन वेळा पेला भरला. उदबत्ती पार राख होईपर्यंत पलंगाशी गुडघे टेकून बसला. तीन दिवसांनी तो दक्षिणेच्या समुद्रावर निघणार होता, दोन वर्षांसाठी.

"माय," तो म्हणाला होता, "याचं रांगणं मी पाहिलं नाही, पहिलं पाऊल पाहिलं नाही. मी येईपर्यंत याला असाच ठेव."

मी दारात उभी होते. मला नियम माहीत होता. तरी मी त्याला थांबवलं नाही, कारण मला त्याचं ते बोलणं फार आवडलं. पुढची दोन वर्षं सासूबाईंनी पूजा अगदी नियमाने केली. पण शब्द आधीच टाकला गेला होता.

आणि बुन-होचं जहाज पुढच्याच वसंतात बुडालं. कोणाचंच प्रेत मिळालं नाही.

सासूबाईंनी पलंगावर भाताचा वाडगा ठेवला, उदबत्ती लावली आणि कौलाच्या दोन लाकडी फोडी माझ्या हातात दिल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या पडल्या तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसतो.

"माझ्या पोराला मोकळं कर," मी म्हटलं आणि फोडी टाकल्या. दोन्ही उताण्या. परत टाकल्या. दोन्ही उताण्या. माय हसत होती. गादीच्या खळग्यातून दारूचा वास आला, भातात तर थेंबही नव्हता.

"बुन-हो परत आलेला नाही, म्हणून?"

हो. पुन्हा हो. तिसऱ्यांदाही हो.

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "दीड वर्ष तुझ्या मागे लागलेय मी. किनाऱ्यावर जाऊ, त्याला हाक मारू, घरी आणू. तू हटून बसलीस."

"हाक मेलेल्याला मारतात, आई."

"मग काय, जिवंत येणारे तो?"

"प्रेत कुठे बघितलंय आपण?"

"माझा मुलगा आहे तो, गिओक. मला हौस नाही आलीय." त्यांनी भाताचा वाडगा बाजूला सारला. "पण एक माझा गेलाय, दुसरा तुझा अडकलाय. तू तुझा तरी सोडव."

मी त्यांच्यावर चिडले, भांडी आपटली, दोन दिवस बोलले नाही. हाक मारली की तो मेला, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. नाही मारली तर तो कुठेतरी, कुठल्यातरी बंदरात, जिवंत होता. आणि रोज सकाळी डोळे उघडले की आ-तेक तीच दोन वाक्यं बोलायचा, बापाला आ-पा म्हणत. "आ-पा गेला. आ-पा येणार." जणू काल संध्याकाळीच गेला असावा असं. खरं सांगायचं तर त्या बोलण्यावरच मी जगत होते. पण तिसऱ्या दिवशी तो बूट घालून दारात उभा राहिला, आणि शेजारची पोरगी, जी त्याच्या मागून सहा महिन्यांनी जन्मली, तिने त्याला बाळ समजून कडेवर उचललं. मी सासूबाईंना म्हटलं, हाकेचा विधी करणाऱ्या बुवांना बोलवा.

सकाळी आठला आम्ही काळ्या वाळूवर उभे राहिलो. पानांसकट बांबू, त्यावर बुन-होचा निळा सदरा. हाक मुलानेच मारायची असते. बांबू आ-तेकच्या चौपट उंच, तो मी मागून धरला.

"आ-पा, घरी चल," तो ओरडला. त्याला खेळ वाटत होता.

बुवांनी कौल टाकला. नाही. आठ वेळा टाकला, आठ वेळा नाही. वारा नव्हता आणि सदरा सरळ लोंबत होता. मग बुवा मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याला येऊ देत नाही आहात."

 शेवटी मी म्हटलं, "बुन-हो, तू मेलास. ये आता."

आ-तेक बाजूला सरकला. पलंगावर सरकतो तसाच, जागा देत. "ओला," तो म्हणाला. बुवांच्या फोडी वाळूवर पडल्या. एक उताणी, एक पालथी.

परतताना प्रत्येक वळणावर मेलेल्याला सांगायचं असतं, इथे वळ, इथे पायरी आहे. मी सांगत होते. माझा हात बांबूवर होता, तरी आ-तेकने आपला उजवा हात वर धरला होता, कोणाचं तरी बोट धरल्यासारखा. घरापर्यंत त्याने तो खाली केला नाही.

देव्हाऱ्यात नेण्याआधी मी सदरा पलंगावर ठेवला, खळग्यात. "माय, आला तो. तुझं काम झालं," मी म्हटलं. उदबत्ती तिसरा हिस्सा जळताच कागदी कपडे जाळले. आ-तेक त्या दुपारी पलंगाच्या मधोमध झोपला. झोपेत हसला नाही.

दहाव्या दिवशी तो बूट टोचतात म्हणून रडला. मी त्याचा पाय मांडीवर घेऊन त्याच्याहून जास्त रडले. नखं वाढली, केस कानावर आले. नव्या वर्षापर्यंत तो एक्क्याण्णव सेंटिमीटर झाला, आणि लिम बाईंना त्याने डोक्यालाच पाय फुटलेल्या माणसाचं चित्र काढून दिलं. पूर्ण वाक्यं बोलू लागला, प्रश्नांनी डोकं खाऊ लागला. सासूबाई म्हणायच्या, "आता याला जरा गप्प बसवणारी माय शोध."

तो सकाळचं ते वाक्य कधी बोलायचा थांबला, ते माझ्या लक्षात आलं नाही. गाबोळीचे दिवस होते.

वसंतात एका सकाळी मी त्याला नवे बूट घालत होते. तो देव्हाऱ्यातल्या फोटोकडे बघत होता. पूर्वी रोज बघायचा तसं नाही, परक्या घरात बघतात तसं.

"मा, हे काका कोण आहेत?"

मी बुटाची नाडी बांधत राहिले. सोडली, परत बांधली.

"तुझे आ-पा," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मग बालवाडीत शिकवलं होतं तसा फोटोसमोर कमरेतून नीट वाकला आणि शाळेला पळाला.