भिंतीपाशी एक निळा

विदाद वारली आणि तिचा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला. स्फाक्सच्या आमच्या प्रयोगशाळेत असंच चालतं. जुन्या विद्यार्थ्याचा प्रोग्राम नवा चालवतो, आतलं कुणी वाचत नाही. मीही नाही वाचलं, आणि तिथेच माती खाल्ली.

काम सांगायला सोपं. संगणकात पाण्यानं भरलेली एक अरुंद नळी, तीत तांबडे आणि निळे बारीक कण. तांबड्यांना उजवीकडे ढकलायचं, निळ्यांना डावीकडे. थोड्या वेळात ते आपापल्या रांगा धरतात. पूर्ण वेगळे होतात, असं मी प्रबंधात ठोकून दिलं होतं. मंगळवारी ते परीक्षकांपुढे मांडायचं होतं, चार वर्षांची मेहनत होती.

फक्त एक निळा तांबड्यांच्या रांगेत भिंतीला चिकटून राहायचा. मी प्रयोग तीस वेळा चालवला, तीसही वेळा तोच, तिथेच. मला त्याच्याकडे बघवेना. सी लामीन, माझे मार्गदर्शक, म्हणाले की एका कणासाठी कशाला जीव काढतेस, टाक पुसून.

शनिवारी सकाळी मी शेवटी प्रोग्राम उघडून वाचला. सुरुवातीला कण कसे विखुरतील हे एका आकड्यावर ठरतं, आणि आमच्याकडे सगळे तिथे आपली जन्मतारीख घालतात. मी दर वेळी नवा आकडा देत होते. पण विदादनं खाली कुठेतरी आपली जन्मतारीख पक्की करून ठेवलेली, माझ्या आकड्यांना कुणी विचारतच नव्हतं. म्हणजे एकच प्रयोग मी तीस वेळा केला होता! लाज वाटली, पण हायसंही वाटलं. भूतबीत काही नाही, माझाच गाढवपणा.

तिची तारीख खोडून मी माझी घातली. सी लामीन कॉफी घेऊन शेजारी बसले. रांगा झाल्या, अगदी सरळ.

आणि भिंतीपाशी, त्याच जागी, दोन निळे होते. शेजारी शेजारी.

सी लामीननी कप खाली ठेवला.

"विदादलाही मी पुसून टाक म्हटलं होतं," ते म्हणाले. "ती म्हणाली, असू द्या, सी लामीन. येईल कुणीतरी सोबतीला."

मी प्रबंध उघडला, 'पूर्ण' हा शब्द काढला आणि मंगळवार पुढे ढकला म्हणून सांगितलं. एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. आता नुसती मान हलवली.

दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"पुन्हा चालवशील तेव्हा," ते हळूच म्हणाले, "माझी तारीख मात्र घालू नकोस."