परदेशी औषध

तान साहेबांनी तहाच्या मसुद्यावर बोट ठेवलं. "इथं 'अफू' नको, 'परदेशी औषध' लिही. जकात ठरली, गोरे खूश, आणि बादशहांची अब्रूही झाकली."

लू चेंगवेईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषध म्हणे! याच औषधानं त्याच्या थोरल्या भावाला, होंगदाला, दोन वर्षांपूर्वी चिपाडासारखं वाळवून मारलं होतं, आणि त्याच्या शवपेटीवर हात ठेवायला लावून आंधळ्या आईनं धाकट्याकडून शपथ घेतली होती, की या विषाला तुझा हात कधी लागणार नाही. पण शांघायच्या त्या कचेरीत तहाची पक्की प्रत लिहावी असं वळणदार अक्षर त्याच्या एकट्याचंच होतं. आणि ते वळण त्याला होंगदानंच लावलं होतं, लहानपणी, हातावर हात धरून.

"साहेब, एवढी एक ओळ दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

"एका प्रतीत दोन हात? गोरे तोंडावर फेकतील. शहाणपणा पुरे, लिही."

त्यानं मुकाट्यानं सगळा कागद लिहिला, त्या ओळीची जागा तेवढी कोरी सोडली आणि शाई उगाळायला वळला. परत पाहतो तो काय, ओळ लिहिलेली! शाई ओली होती. अक्षर त्याचंच, फक्त प्रत्येक शेवटचा फटकारा किंचित वर उचललेला. असा फटकारा होंगदा मारायचा आणि त्यापायी गुरुजींच्या छड्या खायचा.

लिहिलेला कागद फाडणं पाप, म्हणून तो अंगणात कागद जाळायच्या भट्टीपाशी गेला. कागद जळून काळा पडला, बाकीची अक्षरं विरली. ती ओळ मात्र राखेवरही करड्या रंगात स्वच्छ वाचता येत होती. "मेलास तरी तलफ सुटली नाही होय रे तुझी?" दातओठ खात त्यानं काठीनं राख ढवळली. याच्या जिवंतपणीच आई रडरडून आंधळी झाली, तरी याचं आपलं तेच!

दुसऱ्या प्रतीतही त्यानं ती जागा कोरी ठेवली. मग कुंचला धुऊन दूर ठेवला, उजवा हात मांडीखाली दाबला आणि कागदावर नजर रोखून बसला. तान साहेबांनी कागद उचलेपर्यंत तो जागचा हलला नाही.

"वा! उगाच नखरे करत होतास. सगळ्या कागदात ही ओळ सरस उतरलीय."

शिक्का बसला. चेंगवेईनं मांडीखालचा हात बाहेर काढला. बोटांवर ओली शाई होती.

घरी जाताना वाटभर तो संतापानं एकच वाक्य घोकत होता, मी लिहिलं नाही, आई, मी लिहिलं नाही. आई उंबऱ्याशी भाजी निवडत बसली होती. दोन्ही लेकांना ती पावलांवरून ओळखायची. त्याची पावलं अंगणात वाजली, तसे तिचे हात थांबले.

"होंगदा," ती हळूच म्हणाली, "तू आलास ते कळलं रे. पण धाकट्याला कुठं सोडून आलास?"