पाणलाव्याची चार अंडी

पाणीपुरवठ्याच्या तलावाकाठचं गवत कापायचं काम अकरा वर्षं तिच्याकडे होतं. यंत्रावर बसली की ती कुणाच्या बापाला भीत नसे. त्या सकाळी मात्र दलदलीच्या कडेला तिने करकचून ब्रेक दाबला. पात्यांपुढून मातीचं ढेकूळ उडावं तसा एक पक्षी उठला आणि लव्हाळ्यात गडप झाला. यंत्र बंद करून ती खाली उतरली.

मुकादम, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, लगबगीने आला. "थांबलीस का? उद्या साहेब पाहणीला येतायत."

"भावोजी, पाय हलवू नका."

तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. "साप?"

"अंडी. तुमच्या बुटापासून वीतभर."

त्याने डोळे फाडून पाहिलं. तिने वाकून बोट दाखवलं, तेव्हा कुठे काळ्या डागांची चार अंडी चिखलातून वेगळी झाली.

"पाणलावा आहे," ती म्हणाली.

"पण आई तर उडून गेली."

"तो बाप होता. आई अंडी घालून दुसरा संसार थाटायला गेली. ह्यांच्यात बापच बसतो अंड्यांवर."

"हे तुझ्या ताईला सांगू नकोस," तो म्हणाला. "आणि साहेबांना काय सांगायचं?"

"ते मी बघते."

तिने चार खुंट्या ठोकून खोलीएवढ्या गवताला दोरी बांधली आणि बाकीचा काठ कापून काढला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलंच, "एवढं राहिलं कसं?"

"राहिलं नाही, ठेवलंय. दोरीच्या आत पक्षी बसलाय. सापडतो का बघा."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, मान तिरकी केली. बऱ्याच वेळाने वाळक्या गवतात एक डोळा मिटला आणि उघडला.

"अरे," साहेब हळूच म्हणाले. "किती दिवस लागतील?"

"वीसेक."

"तोवर यंत्र इकडे आणू नका. वर मी सांगतो."

त्यानंतर मुकादम रोज कामाआधी दोरीपाशी जाऊन उभा राहू लागला. सतराव्या दिवशी त्याने तिला हाताने खूण केली. बाप पुढे, मागे गवताच्याच रंगाची तीन पिल्लं, असे ते पाण्याच्या कडेने चालले होते. घरट्यात एक अंडं गार पडलं होतं.

"एक गेलं," तो म्हणाला.

"तीन जगली, भावोजी. उघड्यावरचा संसार आहे तो."

पिल्लं लव्हाळ्यात शिरेपर्यंत दोघं तिथेच थांबली. मग ती खुंट्या उपटायला वाकली.