बोटभर उतार

मित्रांनो, मी एक जुनं बेसबॉल स्टेडियम आहे. माझ्या जागेवर आता गाड्या उभ्या राहतात, पण रडगाणं गायला मी आलेलो नाही. साठ वर्षं मोठ्या लीगचे सामने मी अंगाखांद्यावर खेळवलेत!

१९१२ साली अमेरिकेत एरी सरोवराकाठी मी उभा राहिलो. शेंगदाणे खात तीस हजार माणसं ओरडली की सरोवरावरची बदकं उडून जायची. पण मला खरं घडवलं ते मैदान राखणाऱ्या जोसेफ पाव्हलिकने. धावताना खेळाडू ज्या चार थांब्यांना शिवतो ते बेस; त्यातल्या तिसऱ्या बेसच्या रेषेला त्याने मैदानाच्या आत उतरणारा बोटभर उतार दिला. आमचे खेळाडू चेंडूला बॅट नुसती टेकवून धाव चोरण्यात पटाईत. असा सरपटता चेंडू रेषेबाहेर गेला तर फटका फुकट. उतारामुळे तो आतच राहायचा. नियमात याला मनाई नव्हती. हे गुपित जोसेफने फक्त आपल्या मुलीला, इर्माला सांगितलं आणि त्याच्यामागे मैदान तिने सांभाळलं.

पुढे माझं छप्पर गळू लागलं. लोक मला म्हातारं खोकड म्हणू लागले, तेव्हा फार लागलं मनाला. मालक हॅव्हर्टीसाहेबांनी नवं स्टेडियम बांधायला घेतलं. तिथे म्हणे प्लास्टिकचं गवत!

"इर्मा, तिथे तुझं काय काम? प्लास्टिकला पाणी घालणार आहेस?" साहेब हसले.

"हसा, साहेब. पपांनी आयुष्य घातलंय या मातीत," इर्मा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

१९७१ चा माझा शेवटचा सामना. जिंकलो तरच पुढची फेरी. बरोबरी झालेली, शेवटचा डाव, आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर. सकाळीच इर्माने रेषेवर गुडघे टेकून उतार हाताने चाचपला होता. आमच्या ओडेलने बॅट टेकवली. तिसऱ्या बेसवरचा गडी धाव पूर्ण करायला शेवटच्या बेसकडे, बॅटवाल्याच्या जागेकडे धावत सुटला.

चेंडू रेषेच्या कडेने सरपटू लागला. "हात लावू नकोस! जातोय बाहेर!" प्रतिस्पर्धी ओरडले. सगळे वाकून बघत राहिले. चेंडू रेषेपर्यंत गेला, अडखळला आणि आत वळून थांबला. धाव धरली गेली. जिंकलो!

साहेब धावतच खाली आले. "हे कसं झालं गं?"

इर्माने सगळं सांगितलं.

"अगं, मग मापं दे की इंजिनिअरला!"

"मापं कसली, साहेब? हाताला कळतं ते. आणि त्याला खरी माती लागते."

साहेबांनी डोकं खाजवलं. "बरं बाई, गवत खरं. आणि तूही चल."

मग मला पाडलं. पाडा, म्हटलं! तुमच्याही मैदानावर कोणीतरी सकाळी लवकर येऊन पाणी मारत असेल. त्याचं नाव विचारा, मित्रांनो, आणि त्याने आखलेली रेषा उगाच पायाने पुसू नका.

आणि कधी नव्या स्टेडियमात गेलात, तर तिसऱ्या बेसच्या रेषेवर हात ठेवून बघा. बोटभर उतार लागेल. तो मीच.