दोन खेळांचा एक गुडघा

शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खिळ्याला एक काळसर, भेगाळलेला चामडी पट्टा लटकलेला दिसतो ना मित्रांनो, तो मी. जवळ येणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी संशयाने पाहतो. माझे आयुष्यच तसे गेले.

माझा जन्म घोड्यांची खोगिरे शिवणाऱ्याच्या दुकानात झाला. उरलेल्या चामड्यातून त्या कारागिराने आपल्या भाच्याच्या गुडघ्यासाठी मला कापले, आतून लोकर लावली आणि दोन बकले बसवली.

"घट्ट आवळ, पण कुणाला दाखवू नकोस," तो म्हणाला.

"का हो मामा?"

"अरे, तू दोन मालकांचा नोकर. कण्हलास तरी दोघे विचारतील, कुणासाठी कण्हतोस?"

भाचा पगारी खेळाडू होता. हिवाळ्यात फुटबॉलचा, उन्हाळ्यात क्रिकेटचा. त्या काळी एका खेळावर पोट भरणेही लोकांना चमत्कारिक वाटे. याने तर दोन धरले होते. आरंभी कौतुक फार झाले. त्याने गोल केला की प्रेक्षक आनंदाने ओरडत, "बॅट कुठे विसरलास?" पण कपडे बदलायच्या खोलीतली हवा निराळी असे. तो आत शिरला की चाललेले बोलणे तुटे. "या, जोडधंदेवाले!" असे कुणी म्हणे, आणि हसू जरा उशिरा येई. मोज्याखाली दडलेल्या मला त्या हसण्याचा भरवसा कधीच वाटला नाही.

फुटबॉलच्या व्यवस्थापकाला वाटे, हा पाय क्रिकेटसाठी राखून ठेवतो. क्रिकेटच्या व्यवस्थापकाला वाटे, हा सगळे बळ तिकडे उधळून उरलेसुरले आपल्याकडे आणतो. धाव किंचित मंदावली की नजरा थेट पायावर. पुढेपुढे मलाही तीच खोड लागली. मालीशवाल्याची बोटे गुडघ्यावर रेंगाळली, तरी मनात येई, हा कुणाचा हेर?

मोसमातल्या शेवटच्या फुटबॉल सामन्याच्या सकाळी गुडघा सुजला. बकल नेहमीच्या भोकापर्यंत पोचेना.

"आज जमणार नाही, साहेब. गुडघा खरंच गेलाय."

व्यवस्थापक हसला. "सोमवारपासून क्रिकेटचा सराव ना? गुडघ्याला वेळापत्रक बरं पाठ असतं!"

"एकदा बघा तरी."

"बघायचं काय त्यात? लंगडायला मलाही येतं."

मला कसेबसे अडकवून, आपण खोटे नाही एवढेच सिद्ध करायला भाचा मैदानात उतरला. उत्तरार्धात वळताना आत काहीतरी तुटले. तो आवाज फक्त मला आला. बाहेरून हाक आली, "ऊठ, नाटकं पुरे!"

तो उठला नाही. अखेर दोन्ही संघांची खात्री पटली; पण तोवर दोन्ही खेळ संपले होते.

आता तो इथे, काठी टेकीत, मुलींना धावायला शिकवतो. परवा एक मुलगी पाय धरून खाली बसली.

"सर, पोटरीत कळ येतेय."

"उद्या नाचाची तालीम आहे वाटतं तुझी?"

मित्रांनो, माझे चामडे शहारले. मुलगी उठली आणि धावू लागली. तो तिच्या पाठमोऱ्या पावलांकडे क्षणभर पाहत राहिला. मग काठी टाकून, वेडावाकडा, तिच्यामागे धावत सुटला.

"थांब पोरी! अगं थांब, पळू नकोस!"

कुणी दुखते म्हणाले, तर मित्रांनो, आधी त्याला बसवा. संशय घ्यायला पुढे पुष्कळ वेळ असतो.